हद्दवाढ भागात घर बांधताय? आधी दोन पाण्यांमधलं अंतर मोजा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात विजापूर रोडच्या पलीकडे, हद्दवाढ भागात दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला आहे. घरात पाच माणसं. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. बोअर मारावी की मोठा हौद बांधावा? गच्चीवरच्या पावसाचा खरोखर उपयोग होतो का? आणि काळ्या मातीत पाया किती खोल न्यावा?

हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण सोलापुरात ते एकाच गोष्टीला बांधलेले आहेत. ती गोष्ट म्हणजे दोन पाण्यांमधलं अंतर, नळाला एकदा पाणी आल्यावर पुन्हा येईपर्यंत जाणारे दिवस. घरात पाणी किती साठवायचं, कुठं साठवायचं, डास का होतात, पायाजवळची माती का फुगते, उन्हाळ्यात खर्च कुठं वाढतो, या सगळ्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणून आराखडा काढणाऱ्याला खोल्या किती हव्यात ते सांगण्याआधी पाण्याचा हिशोब मांडा.

हे अंतर का पडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे "पुढच्या वर्षी पाणी रोज येणार" या आशेवर हौद लहान ठेवायचा मोह होणार नाही. १९९२ च्या हद्दवाढीत शहराचं क्षेत्र साधारण ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. क्षेत्र पाचपट झालं, पण त्या प्रमाणात जलवाहिन्या, उंच टाक्या आणि ड्रेनेज एका रात्रीत होत नाहीत. शेतं बिगरशेती झाली, गुंठेवारीचे प्लॉट पडले, घरं आधी आली आणि पाइप नंतर पोचले. जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, मजरेवाडी, सोरेगाव, देगाव, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच घडलं आहे. तुमचा प्लॉट वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असेल तर चावीवाल्यानं व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी वरच्या गल्ल्यांचे हौद भरतात आणि दाब तुमच्यापर्यंत उशिरा पोचतो.

पाणी येतं तीन ठिकाणांहून: उजनीतून थेट जलवाहिनीनं पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, भीमेतून टाकळीमार्गे सोरेगावला, आणि थोडं हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक मृत साठ्यात जातात आणि उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या थोडा वर राहतो. "उजनी मायनसमध्ये गेली" असं आपण म्हणतो तेव्हा ती टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या हिशोबात मोजलेली असते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५९ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, म्हणजे मृत साठ्यातलेही तीस टीएमसीच्या वर गेले होते. पातळी एवढी उतरली की नेहमीच्या पंपांच्या तोंडाशी पाणी येत नाही, दुबार पंपिंग करावं लागतं आणि शहरातलं अंतर वाढतं. टाकळीकडचं पाणी नदीत सोडून औज बंधाऱ्यात आणावं लागतं. वाटेत ते जमिनीत मुरतं, उन्हात उडतं, उपसलं जातं. उजनीच्या समांतर, म्हणजे दुसऱ्या, जलवाहिनीनं पाणी शहरापर्यंत जास्त पोचलं तरी तुमच्या गल्लीतली वितरणाची वाहिनी आणि उंच टाकी हा वेगळा विषय आहे. तो सुटेपर्यंत घराची साठवण ठेवावीच लागेल.

आता हिशोब. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. अंतरानं पाणी येणाऱ्या घरात काटकसर आपोआप होते, त्यामुळे माणशी १०० लिटर धरा. पाच माणसांना रोज ५०० लिटर. चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी पाणी, तेव्हा एका पाळीला २,५०० लिटर लागतात. इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो, कारण ते नेमक्या एवढ्याच मापाचा हौद बांधतात. जलवाहिनी फुटली, पंपाची वीज गेली की एक पाळी चुकते, आणि ती नेमकी मे महिन्यात चुकते. एक पाळी पूर्ण बुडाली तरी घर चालावं यासाठी दहा दिवसांची साठवण हवी, म्हणजे ५,००० लिटर. आतून २ मीटर लांब, १.७५ मीटर रुंद आणि दीड मीटर पाण्याची खोली ठेवली की सव्वापाच हजार लिटर बसतात. वर २० ते ३० सेंमी मोकळी जागा सोडा. गच्चीवर १,००० लिटरची टाकी दोन दिवसांना पुरते. त्याहून मोठी टाकी स्लॅबवर ठेवण्यापेक्षा ते पैसे हौदात घाला.

हौद मधे भिंत घालून दोन कप्प्यांचा करा. पावसाळ्यात एका कप्प्यात नळाचं आणि दुसऱ्यात गच्चीचं पाणी राहील. उन्हाळ्यात दोन्हींत नळाचं भरा. धुवायच्या वेळी एक कप्पा चालू राहतो, हा फायदा वेगळाच. काळ्या मातीत विटांचा हौद बांधू नका. माती ओली झाली की बाजूनं दाबते, वाळली की सरकते, आणि विटांच्या भिंतीला कोपऱ्यात उभी चीर जाते. आरसीसीच्या भिंती १५० मिमीच्या ठेवा. काँक्रीट एम-३० दर्जाचं वापरा आणि तळाच्या कोपऱ्यांना आतून वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्या. बाहेरची भरणी खोदलेल्या काळ्या मातीनं न करता मुरमानं करा. झाकण जमिनीपासून किमान १५ सेंमी वर असू द्या, नाहीतर सप्टेंबरच्या एका मोठ्या पावसात रस्त्याचं पाणी आत शिरतं.

नळाचा पाइप हौदात उतरतो तिथं एक बारकावा हमखास राहून जातो. पाइपचं तोंड हौदाच्या सर्वोच्च पाणीपातळीच्या वर हवं. तोंड पाण्यात बुडलेलं असलं आणि वाहिनीतला दाब गेला, तर तुमच्या हौदातलं पाणी उलटं वाहिनीत ओढलं जातं आणि शेजारच्या घरी जातं. नळाला थेट मोटार लावण्याचाही धोका असाच आहे. मोटार फक्त पाणी ओढत नाही. वाहिनीच्या प्रत्येक सैल सांध्यातून आजूबाजूच्या गटाराचं पाणीही आत खेचते. सलग दाब असलेल्या वाहिनीत गळती बाहेर जाते. अंतरानं चालणाऱ्या वाहिनीत मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो आणि घाण आत येते. म्हणून मीटरपासून हौदापर्यंतचा पाइप जमिनीखाली उतारानं न्या, पाणी आपल्या वजनानं हौदात पडू द्या आणि मोटार फक्त हौदातून गच्चीवर चढवायला ठेवा. हौदाआधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन व्हॉल्व्ह बसवा. पाणी सुटल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं ते झाडांकडे वळवा, गढूळपणा संपला की हौदाकडे सोडा.

साठवलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यातलं क्लोरीन टिकत नाही. नळाशी ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उरलेलं क्लोरीन दोन-तीन दिवसांत जवळजवळ संपतं, आणि आपण तर ते पाणी पाचव्या, सातव्या दिवशी पितो. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा. स्वयंपाकासकट माणशी ५ लिटर धरलं तर दहा दिवसांना २५० लिटर होतात. त्यासाठी तोटी असलेली, झाकणाची छोटी टाकी पुरते. हौदासाठी १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. ती आधी बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी हौदात ओता आणि अर्धा तास थांबा. पुडी उघडी पडलेली, वास गेलेली पावडर निरुपयोगी असते. मात्रा वाढवली म्हणून तिचा जोर परत येत नाही, नुसता गाळ वाढतो.

डेंग्यूचा संबंधही थेट इथंच आहे. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही, जुन्यावर नवं भरलं जातं, आणि डासाला हवा तेवढा वेळ मिळतो. अंडी पाण्यात न तरंगता भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटतात, म्हणून नुसतं ओतून देणं पुरत नाही. आठवड्यातून एकदा पिंप, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून आतून ब्रशनं घासा. हौदाच्या हवा जाण्याच्या पाइपला बारीक जाळी लावा. वापराच्या पाण्याचा उघडा हौद असेल तर गप्पी मासे सोडा.

गच्चीच्या पावसाबद्दल: होय, उपयोग होतो, पण वर्षभर पुरेल ही अपेक्षा ठेवू नका. सोलापुरात पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पडतो. तुमच्या प्लॉटवर ९०० चौरस फुटांची गच्ची, म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर, झाली आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं, तर वर्षाला ४६ ते ४७ हजार लिटर होतात. रोजच्या ५०० लिटरच्या हिशोबानं हे नव्वद दिवसांचं पाणी. ते सारखं मात्र येत नाही. जूनमधे शिडकावा, मधे लांब उघडीप, आणि सगळ्यात मोठा भाग सप्टेंबरमधे थोड्याशा दिवसांत. ५० मिमीच्या एका पावसात गच्चीवरून तीन हजार लिटरहून जास्त पाणी येतं आणि अडीच हजारांचा कप्पा तासाभरात भरून वाहू लागतो. वाहणारं पाणी कुठं जाईल ते म्हणून आधी ठरवा.

तासाला १०० मिमीच्या सरीला चार इंची एक उभा पाइप सुमारे ८५ चौरस मीटर गच्ची सांभाळतो. तुमची गच्ची नेमकी त्या काठावर आहे, आणि एक पान अडकलं की गच्चीचं तळं होतं. तेव्हा दोन पाइप द्या. हंगामातल्या पहिल्या पावसाचे पहिले २ मिमी, म्हणजे सुमारे १६५ लिटर, धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतात. ते २०० लिटरच्या पिंपात वळवून, तळाची तोटी किंचित उघडी ठेवून जाऊ द्या. पुढच्या पावसांना ४० लिटर सोडलं तरी चालतं. नंतर गाळणी: तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, मग १० मिमी, सगळ्यात वर जाड वाळू, प्रत्येक थर १५ ते २० सेंमी, आणि वाळूखाली नायलॉनची जाळी. जाळी विसरली की वाळू खडीत उतरते आणि गाळणी एकाच हंगामात बुजते. वरचा वाळूचा थर मेअखेर काढून धुवा.

बोअरबाबत माझं मत स्पष्ट आहे: प्लॉट घेतला म्हणून आधी बोअर मारू नका. सोलापूर बेसाल्टवर वसलेलं आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (मऊसर, सच्छिद्र खडक) आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात ते नसतंच. म्हणून एका प्लॉटला पाणी लागतं आणि तीस फुटांवरचा शेजारी कोरडा राहतो, आणि आणखी दोनशे फूट खाली गेल्यानं भेग सापडेलच असं नाही. त्यातच प्रत्येक दीड गुंठ्यावर एक बोअर झाली की सगळे त्याच भेगांतून उपसतात आणि मार्चमधे सगळ्यांच्या मोटारी एकदम हवा ओढू लागतात. आसपासच्या दहा घरी विचारा: केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) किती फूट, पाणी किती फुटांवर, मेमधे किती मिनिटं चालते. ही उत्तरं पाणाड्याच्या कोणत्याही नारळापेक्षा आणि काडीपेक्षा जास्त सांगतात.

प्लॉटवर आधीची, आटलेली बोअर असेल तर ती बुजवू नका, तिची परीक्षा घ्या. साडेसहा इंची बोअरमधे मीटरला साधारण २१ लिटर पाणी मावतं, म्हणजे रिकाम्या १०० मीटरला एकवीसशे लिटर. टँकरनं तीन-चार हजार लिटर सोडा. पाणी सगळं गिळलं आणि पातळी तासाभरात उतरली, तर भेगा उघड्या आहेत आणि पुनर्भरण उपयोगी ठरेल. बोअर काठोकाठ भरून तशीच राहिली, तर तिच्यात गच्चीचं पाणी सोडण्यात अर्थ नाही. पुनर्भरण करायचं तर हौदाचा ओव्हरफ्लो गाळणीतून गेल्यावरच पाइपनं केसिंगमधे सोडा. केसिंगभोवती खड्डा करून तिला छिद्रं पाडण्याची पद्धत शेतात चालते. दाट वस्तीत, १५ मीटरच्या आत सेप्टिक टँक असताना, ती धोक्याची आहे: मैल्याचं पाणी थेट भूजलात उतरतं. त्यातून येणारं नायट्रेट उकळूनही जात नाही, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. बोअरचं पाणी प्यायचं असेल तर नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा या तीन तपासण्या प्रयोगशाळेतून करून घ्या. जंतूंची तपासणी पावसाळ्यानंतर वेगळी करा.

ड्रेनेजची वाहिनी गल्लीत असेल तर सेप्टिक टँकच्या भानगडीत न पडता तिला जोडून घ्या. नसेल तर पाच माणसांना आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याच्या खोलीची दोन कप्प्यांची टाकी पुरते. दर दोन वर्षांनी उपसा. खरी अडचण शोषखड्ड्याची आहे. काळी माती ओली झाली की पाणी शोषत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात खड्डा भरून अंगणात येतो. तो मुरमापर्यंत न्यावाच लागतो. हौद प्लॉटच्या चढाच्या टोकाला आणि सेप्टिक उताराच्या टोकाला ठेवा.

पाया. एप्रिल-मेमधे प्लॉटवर जाऊन भेगा बघा. हात आत जाईल एवढ्या भेगा असतील तर माती चांगलीच फुगणारी आहे. बांधकामाच्या जागेत तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळ्या मातीचा थर मोजा. उंचवट्यावर तो दोन-तीन फूट असतो, ओढ्याच्या कडेला माणूसभर खोल. फूटिंग कडक मुरमावरच टेका. थर फारच खोल असेल तर अंडररीम्ड पाइल (जमिनीत खोल ओतलेले, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) स्वस्त पडतात. जोत्याच्या बीमखाली ७ ते ८ सेंमी पोकळी सोडा, म्हणजे फुगणारी माती बीमला वर उचलणार नाही. जोत्यात खोदलेली काळी माती परत भरणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग पडणारी बचत आहे: फरशा दोन वर्षांत फुगतात. मुरूम १५ ते २० सेंमीच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून भरा. घराभोवती मीटरभर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या उतारानं करा आणि गच्चीचं पाणी त्यावर मोकळं सोडू नका. मातीचा ओलावा सारखा राहिला तर ती शांत राहते. एका कोपऱ्यात गळणारा हौद असेल तर तेवढाच कोपरा वर येतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर सुरू होते.

प्लॉट ओढ्याजवळ आहे का, हे फक्त डोळ्यांनी ठरवू नका. हद्दवाढीत कितीतरी ओढे भर घालून सपाट केले गेले आहेत. भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा काढा आणि ओढ्याची रेघ तुमच्या गटातून जाते का ते पाहा. रेघ असेल आणि जमिनीवर ओढा दिसत नसेल, तर तिथं घर बांधू नका, भाव कितीही कमी असो. ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ मधे जिल्ह्यात पाण्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दुष्काळी प्रदेशातला पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा एका दमात पडतो.

ऊन: पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि पाच इंची स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीचा थर हे काम अडवत असे. आता गच्चीवर कोबा करून वर पांढरी चायना मोझॅक बसवली तर वरच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि पावसाचं पाणीही स्वच्छ मिळतं. चुन्याचे दोन हात देणंही चालतं, फक्त त्या वर्षीचे पहिले दोन-तीन पाऊस हौदात घेऊ नका. जिना, न्हाणीघर, कोठी पश्चिमेला ठेवा. इथल्या कोरड्या उन्हात पाण्याचा कूलर उत्तम चालतो, पण तो दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी सहज पितो. दोन कूलर असतील तर एका माणसाचं पाणी वाढलं असं समजून हौद ६,००० लिटरचा करा.

कामाचा क्रम: पायाच्याही आधी हौद बांधा. बांधकामाला आणि स्लॅबच्या किमान सात ते दहा दिवसांच्या क्युरिंगला पाणी लागणारच आहे, आणि टँकरचं पाणी साठवायला जागा नसेल तर गवंडी क्युरिंग अर्धवट सोडतो. हौदाचं क्युरिंग पुरं झाल्यावर, बाहेरची भरणी करण्याआधी, दोन्ही कप्पे आळीपाळीनं भरून झाकण लावून सात दिवस ठेवा आणि भिंतीवर पेन्सिलनं रोजची रेघ मारा. झाकलेल्या हौदात पातळी बोटभर जरी उतरली तरी ती गळती आहे, आणि बाहेरची भिंत उघडी असताना ओल कुठं फुटते ते दिसतं. मधली भिंतही याच वेळी तपासली जाते, कारण तिथं गळती असेल तर रिकाम्या कप्प्यात ओलावा दिसतो. दुरुस्ती तेव्हाच करून घ्या. मुरूम भरल्यावर तीच जागा शोधायला सगळी भरणी परत उकरावी लागते.